पावसाळ्यात सातेरीच्या पेटीला साखरेचा पाक कधी आणि कसा द्यायचा

जून लागला की सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्या पेटीवाल्यांचे फोन सुरू होतात, पाक द्यायला घेऊ का म्हणून. माझं उत्तर एकच, कॅलेंडर बघून देऊ नका, पेटी बघून द्या. जांभूळ, हिरडा संपला आणि सह्याद्रीत पाऊस लागला की माश्यांना आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही, आणि पडल्या तरी फुलं कुठे आहेत? अशा वेळी सातेरी उपाशी बसून राहत नाही, सरळ घर सोडून जाते. मेलिफेरा या परदेशी मधमाशीपेक्षा हिचा हा स्वभाव जास्त, त्यामुळे वेळ चुकली की रिकामी पेटी आणि पोळी खाणारा मेणकिडा, एवढंच हातात राहतं.

बघायचं कसं? पाऊस उघडला की पेटी मागून जरा उचलून बघा, सवय झाली की वजन हातालाच कळतं. शंका आली तर झाकण काढून पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) चौकटीचा वरचा भाग बघा, तिथे मेणाने बंद केलेल्या मधाचा पट्टा चांगला रुंद असेल तर गुपचूप झाकण लावा, पाकाची गरज नाही. पट्टा गेलाय आणि पिलावाही कमी झालाय, तर त्याच संध्याकाळी पाक.

पाक म्हणजे एकतारी वगैरे काढायचा नाही हं! पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मग साखर घालून ढवळायचं, बस. साखर करपली की ती माश्यांना बाधते. लिंबू पिळायचं नाही, गूळ नाही, खांडसारी नाही, कारण त्यातली मळी पचत नाही आणि माश्यांना हगवण लागते. साधी पांढरी साखरच. दुसऱ्याच्या पेटीतला किंवा बाजारातला मध तर चुकूनही देऊ नका, रोग आयता घरात येतो.

प्रमाणाचं असं आहे, पोट भरायचं असेल तर 1 किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, कारण भर पावसाच्या दमट हवेत पातळ पाक आटवता आटवता माश्याच दमतात. फुलोरा यायच्या महिनाभर आधी राणीने अंडी जास्त घालावीत म्हणून देत असाल तर साखर-पाणी समान. सातेरीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखरेचा पाक पुरतो, तोही दोनदा विभागून, कारण उरला की आंबतो आणि आंबलेला फेकूनच द्यावा लागतो.

भांडं म्हणून मला नारळाची करवंटीच आवडते. पिलावाकोठीवर, म्हणजे पिलावा असतो त्या खालच्या कप्प्यावर, एक रिकामी कोठी ठेवायची, चौकटींवर करवंटी नीट टेकवायची, गार झालेला पाक ओतायचा आणि वर चार-पाच गवताच्या काड्या तरंगत सोडायच्या, काड्या नसतील तर सकाळी पाकात बुडालेल्या माश्या मोजत बसा. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडून तो उलटा ठेवला तरी चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लुटालूट, म्हणजे एका पेटीच्या माश्यांनी दुसरीचा साठा लुटणं. पाक दिवस मावळल्यावरच द्यायचा, दार एक-दोन माश्या जातील एवढंच ठेवायचं आणि सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यायचा, नाहीतर जोरकस वसाहत कमजोर वसाहतीवर तुटून पडते आणि दुपारपर्यंत पेटीच्या तळपाटावर (तळाच्या फळीवर) मेलेल्या माश्यांचा सडा. थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा. स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे ना तेही बघा, मुंग्यांना पाकाचा वास आपल्याआधी लागतो. अंगणात परातीत पाक ओतून ठेवणारे पण आहेत, त्यांनी गावभरच्या गांधीलमाश्या पोसायचं कंत्राट घेतलेलं असतं.

आणि हो, पाकात परागकण नसतात, त्यामुळे नुसत्या पाकावर पिलावा फार दिवस वाढत नाही. पाऊस उघडल्यावर माश्या पायाला परागाचे गोळे घेऊन येताना दिसल्या, चौकटीत नवीन मध चमकायला लागला, की पाक बंद. मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवायच्या बरेच दिवस आधीच बंद झालेला हवा, कारण मधकोठीत गेलेला पाक मध म्हणून विकणं ही सरळसरळ भेसळ आहे, मग तुम्ही मुद्दाम केलेली असो वा नसो.