टनेल होता तरी पॅटर्न दिसायचा, तो असा झाकला (माझा अनुभव)

आमचं सोलापुरात चादरीचं युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत अन् ऑफिस चाटी गल्लीत, मधे वायरगार्डचा टनेल (दोन जागांमधला डेटा कुलूपबंद करून इंटरनेटवरून नेणारा व्हीपीएन). आत काय चाललंय ते कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण कधी अन् किती गेलं ते इंटरनेटच्या लाईनवर नजर ठेवून बसलेल्याला दिसतंच, म्हणजे मोठी ऑर्डर आली की ग्राफ वर.

नुसता डमी (खोटा) डेटा वरून ओतून भागत नाही हां, खरा आला की बेरीज वाढतेच. म्हणून दोन्हीकडच्या रास्पबेरी पायवर (हातभर नव्हे, तळहाताएवढा कॉम्प्युटर) स्क्रिप्ट टाकली, टनेलमधून सेकंदाला 20 पॅकेट (डेटाची पुडकी), प्रत्येक 500 बाइटचं, खरा डेटा रांगेत असला तर तो भरायचा नाहीतर कचरा, माग कसा सूत असो नसो खटखट चालूच तसं. बाकी सगळं फायरवॉलने बंद.

टीसीपीडंप (लाईनवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं, बाहेरून सगळं सपाट. खर्च दिवसाला एका बाजूने 864 एमबी अन् वर हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याचा भाग), शिवाय डिझाइनची फाईल रांगत जाते. टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं नेटवर्क) असला सतत डमी ट्रॅफिक ठेवत नाही, त्याचं एक कारण हाच खर्च.

लाईट गेली की ट्रॅफिक थांबतो, तेही बाहेर कळतं, म्हणून रास्पबेरी पाय अन् राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत.