सोर्सवरून पॅकेज बांधणारी व्यवस्था लिहिताना: नवोदितांसाठी अनुभवकथन

सोर्सकोडपासून स्वतःची लिनक्स सिस्टीम बांधायला शिकवणाऱ्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या प्रकल्पाच्या आधाराने कंपायलरपासून शेलपर्यंत सगळे हाताने बांधून सिस्टीम सुरू झाली, की लवकरच एक प्रश्न उभा राहतो: उद्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तर जुन्या आवृत्तीच्या फायली नेमक्या कोणत्या, हे कसे कळणार? त्या प्रकल्पाने पॅकेज व्यवस्थापन, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणे, बदलणे आणि काढणे यांचा हिशेब, वाचकावरच सोडले आहे. माझ्या छंदाच्या डिस्ट्रिब्यूशनसाठी (स्वतः जुळवलेल्या लिनक्स सिस्टीमसाठी) मी पॅकेज व्यवस्था लिहायला घेतली ती याच प्रश्नामुळे, आणि या कामाचा गाभा फायलींचा चोख हिशेब ठेवण्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

नवोदितांचा ओढा बहुधा डिपेंडन्सी, म्हणजे कोणत्या पॅकेजला आधी कोणते पॅकेज लागते हे, सोडवणाऱ्या भागाकडे असतो, कारण अल्गोरिदम तिथे दिसतो. तो भाग मागे ठेवावा आणि आधी क्रक्स या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनची पॅकेज बांधणारी ‘पीकेजीएमके’ ही बॅश स्क्रिप्ट शांतपणे वाचावी. तिथे प्रत्येक पॅकेजची कृती एका छोट्या शेल फाइलमध्ये असते आणि सोबत ‘फूटप्रिंट’ नावाची यादी असते, जिच्यात तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलचा मार्ग, मालक आणि परवानग्या नोंदलेल्या असतात. बांधून झाल्यावर प्रत्यक्ष फायली या यादीशी जुळल्या नाहीत, तर बांधणी अयशस्वी ठरते. एखाद्या सॉफ्टवेअरने मशीनवर आधीच असलेली लायब्ररी गुपचूप उचलून जादा प्लगइन तयार केले, तर ते इथेच पकडले जाते.

ही यादी मिळते ती ‘डेस्टडिर’मुळे, म्हणजे फायली कुठे ठेवायच्या हे इन्स्टॉल करताना सांगणाऱ्या मेकफाइलच्या चलामुळे. झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचे उदाहरण घ्या. ‘मेक इन्स्टॉल’ला डेस्टडिर म्हणून एक रिकामी डिरेक्टरी दिली, की हेडर फायली, लायब्ररी, तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक आणि ती लायब्ररी कशी वापरायची हे इतर बांधण्यांना सांगणारी पीकेजी-कॉन्फिगची फाइल असा सगळा ऐवज खऱ्या सिस्टीमला हात न लावता त्या डिरेक्टरीत येऊन पडतो. तिच्यावर ‘फाइंड’ चालवले की यादी तयार, आणि ‘टार’ केले की पॅकेज तयार. काही जुन्या मेकफाइल डेस्टडिर मानत नाहीत. त्यांच्यासाठी पॅच लिहावा, पण थेट खऱ्या सिस्टीमच्या रूट डिरेक्टरीत इन्स्टॉल करण्याची पळवाट काढू नये.

सर्वांत जास्त काळजी अपग्रेडला लागते. जीलिबसी ही जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी बदलताना जुनी फाइल आधी पुसली, तर पुढच्याच क्षणी ‘सीपी’, ‘एलएस’ यांसारख्या डायनॅमिक लिंक केलेल्या (चालताना लायब्ररी शोधणाऱ्या) कमांड चालेनाशा होतात. म्हणून नवी फाइल त्याच फाइलसिस्टीमवर तात्पुरत्या नावाने लिहावी, मग ‘रिनेम’ने जुन्या नावावर आणावी, कारण ही अदलाबदल एका झटक्यात होते, आणि जुन्या यादीत असलेल्या पण नव्या यादीत नसलेल्या फायली अगदी शेवटी काढाव्यात. सेटिंग्जच्या ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या, वापरकर्त्याने बदललेल्या फायली मात्र नव्या फायलींनी कधीही परस्पर झाकू नयेत.

चेकसमबद्दल, म्हणजे डाउनलोड केलेली फाइल तीच आहे का हे तपासण्यासाठी तिच्या बाइटवरून काढलेल्या खुणेबद्दल, थोडे विस्ताराने सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची आवृत्ती बदलल्यावर आपोआप तयार होणाऱ्या आर्काइव्हचे बाइट बदलले, आतला कोड तोच असूनही चेकसम जुळेनात आणि अनेक बांधण्या अडल्या. त्यामुळे प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेला टारबॉल (सोर्सची आर्काइव्ह फाइल) घेण्याकडे कल होतो. पण मार्च २०२४ मध्ये असे उघड झाले की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचे दार (बॅकडोअर) लपवलेले होते, आणि त्याचा एक महत्त्वाचा दुवा असलेली फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. चेकसम एवढेच सांगतो की काल आणलेली फाइल आजही तीच आहे. ती विश्वासार्ह आहे का, हे तो सांगत नाही. जिथे शक्य असेल तिथे मी गिटच्या ठरावीक कमिटवरून (नोंदलेल्या बदलावरून) बांधतो आणि बांधणीची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः तयार करतो.

डिपेंडन्सीचा क्रम लावायला सुरुवातीला ‘टीसॉर्ट’ ही कमांड पुरते. एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजची चक्रे थोडी असतात आणि ती हाताने सोडवता येतात: फ्रीटाइप ही फाँटची लायब्ररी आधी हार्फबझ या अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीशिवाय बांधावी, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या आत नोंदलेले तिचे आवृत्तीसह नाव, बदलला की त्या लायब्ररीवर अवलंबून असलेले सगळे पुन्हा बांधावे लागते. ते कोणते, हे ‘रीडएल्फ’ या कमांडने दिसणाऱ्या ‘नीडेड’ नोंदी (फाइलला कोणत्या लायब्ररी लागतात त्या) पॅकेज बांधतानाच साठवून ठेवल्या तर लगेच सांगता येते. या नोंदी साध्या मजकूर फायलींत ठेवाव्यात, म्हणजे सिस्टीम अर्धवट मोडली तरी दुसऱ्या डिस्कवरून बूट करून त्या वाचता येतात.