मदरशाचा कारभार : या चुका टाळा

मदरशांच्या कारभारातील सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे सगळी सूत्रे एकट्या मोहतमिमांच्या (मदरशाच्या प्रमुखांच्या) हाती ठेवणे. ते हयात असताना उत्तराधिकाऱ्याचा विषय काढणे अदबीला सोडून आहे असे मानले जाते आणि शूरा (सल्लागार मंडळ) कागदावर असली तरी तिची बैठक वार्षिक जलशाच्या दिवशी दस्तरखानावरच, म्हणजे जेवता जेवता, उरकली जाते. देवबंदचे दारुल उलूम १८६६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी मौलाना कासिम नानौतवी यांनी घालून दिलेल्या आठ तत्त्वांत मोहतमिमाने सल्लामसलत केलीच पाहिजे असे बजावले होते. तरीही सुमारे पन्नास वर्षे ते पद सांभाळणारे कारी मोहम्मद तय्यब आणि शूरा यांच्यातील वाद १९८२ मध्ये संस्था दुभंगण्यापर्यंत गेला. तिथे हे घडले, तर लहान गावातल्या मदरशाने नायब (उप) मोहतमिम वेळीच नेमावा आणि जमिनीचे कागद, बँकेतील सह्या व देणगीदारांची यादी किमान दोघांच्या माहितीत ठेवावी, हे बरे.

त्याच आठ तत्त्वांत निश्चित उत्पन्नाच्या मोहापासून दूर राहण्याचाही इशारा आहे. काही जण त्याचा आधार घेऊन अंदाजपत्रकच टाळतात, ही मात्र सोयीची पळवाट झाली.

हिशेबातील दुसरी चूक कॅलेंडरची आहे. मदरशाचे शैक्षणिक वर्ष हिजरी म्हणजे चांद्र कॅलेंडरप्रमाणे शव्वालमध्ये सुरू होऊन शाबानमध्ये संपते, चंद्याचा मोठा भाग सफीर (वर्गणी गोळा करणारे प्रतिनिधी) रमजानमध्ये गोळा करतात, तर वीजबिल व ऑडिट इंग्रजी महिन्यांप्रमाणे चालते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे उस्तादांचे पगार हिजरी महिन्याने दिल्यास साधारण तीन वर्षांत एक पगार जास्तीचा द्यावा लागतो, आणि त्याची तरतूद आधी केलेली नसेल तर उधारी वाढत जाते.

जकात (धर्माने बंधनकारक दान) आणि इमदाद (ऐच्छिक देणगी) यांच्या पावत्या एकत्र करणे ही तर नेहमीचीच गफलत. हनफी फिकहनुसार (इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी पंथानुसार) जकात गरजू व्यक्तीच्या मालकीची व्हावी लागते, त्यामुळे ती थेट बांधकामाला किंवा पगाराला लावता येत नाही. दोन्हींची पावतीपुस्तके वेगळ्या रंगांची छापावीत, शक्य असल्यास खातीही वेगळी ठेवावीत आणि दर महिन्याची शिल्लक शूरेच्या किमान एका सदस्याने तपासून सही करावी.