कात अडकलेला टॅरंटुला: हात कधी लावायचा, कधी नाही

पाळलेला टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, उताणा दिसला की लोक घाबरून त्याला सुलटा करतात. तसं करू नका, तो कात टाकतोय. मरणारा कोळी बहुधा पाय पोटाखाली मुडपून घेतो. पेटी हलवू नका आणि आत जिवंत रातकिडा असेल तर काढा, मऊ अंगाच्या कोळ्याला तो कुरतडतो.

खाणं थांबलं, पोट काळपट-चकचकीत झालं, म्हणजे कात जवळ आली, की पाण्याची वाटी रिकामी पडू द्यायची नाही. पेटीत रोज फवारे मारून चिखल करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मला अजिबात पटत नाही. जुनी कात फाटते ती अंगातल्या द्रवाच्या दाबाने. तो दाब प्यायलेल्या पाण्यातून येतो, काचेवरच्या थेंबांतून नाही. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, सकाळी भरलेली वाटी दुपारी कोरडी. दोन वेळा बघा. पेटी पत्र्याखाली नको, कूलरच्या झोतातही नको.

आता खरी अडचण. मोठ्या कोळ्याला कात टाकायला कित्येक तास लागतात. मध्ये तो निपचित पडतो, तेव्हा थांबायचं. पाठीवरची ढाल उघडली, पण पाय अर्ध्यात अडकून बराच वेळ काहीच सरकत नसेल, तरच मऊ ब्रशने कोमट पाण्यात ग्लिसरीनचा थेंब घालून फक्त जुन्या कातीवर, सांध्यांपाशी लावा. पोटाच्या खालच्या बाजूला चार फिकट ठिपके असतात, ती फुप्फुसं. तिथे ओल जाता कामा नये. मग पुन्हा वाट बघा. चिमट्याने ओढणं म्हणजे त्याला मारणं: नवा पाय सायीसारखा मऊ असतो, फाटला की निळसर रक्त वाहतं. वाहिलंच तर कॉर्नफ्लोअर दाबा. एकच पाय अडकला असेल तर नाद सोडा. बहुतेकदा कोळी स्वतःच तो पाय तोडून टाकतो आणि पुढच्या एक-दोन कातींत नवा येतो.

सुटल्यावर सुळे पांढरे, मग लाल, मग काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला नाही. मोठ्याला दहा-बारा दिवस सहज लागतात.

पहिला घास म्हणून शेतातला किडा आणू नका. कपाशी-केळीवर फवारणी झालेली असते. त्या खोलीत डासांची अगरबत्तीही लावू नका.