लेआउटमधून शिधा गोळा करताना

आधी गरजू घरांना शिधा पुरवणाऱ्या फूड बँकेच्या गोदामात जाऊन या. या महिन्यात काय कमी आहे, जागा किती आहे, सामान कोणत्या वारी उतरवून घेतात, हे तिथे समोर बसून विचारा. आमच्या लेआउटने, म्हणजे वसाहतीने, पहिल्या वेळी हे विचारलंच नाही. ‘जमेल ते द्या’ म्हटलं. साखर आली, अर्धे वापरलेले मसाले आले, बेसनाचे उघडे पुडे आले. डाळ जेमतेम चार किलो. ज्या घरात भातावर वरण नाही, तिथे साखरेचं काय करायचं? तेव्हापासून एका वेळी दोनच वस्तू मागतो: तूरडाळ आणि तांदूळ, नाहीतर गहू आणि तेल. चाळीस घरांच्या फ्लॅट-स्कीममधून घरटी एक किलो आलं तरी चाळीस किलो होतात.

दिवस ठरवताना महिन्याचा पहिला रविवार घ्या, किराणा त्याच सुमारास भरला जातो. मार्च-एप्रिल तर सोडूच नका. नवा गहू येतो, वर्षाचं धान्य भरायला कोठ्या रिकाम्या होतात आणि मागच्या वर्षीचा चांगला गहू घरात उरलेला असतो. मात्र हा गहू घेताना एक प्रश्न न लाजता विचारा: याला काय लावलं होतं? एरंडेल तेल चोळलेलं असेल तर चालतं. बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या असतील तर हात जोडून परत करा. घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. ओंजळभर धान्य ताटात पसरून बघा; सोंडे, जाळी, कुबट वास असेल तर पोतं वेगळं काढा.

ग्रुपवर निरोप टाकाच, पण दोन दिवस आधी दारोदारी जाऊन रिकामी पिशवी देऊन या. पिशवी दारात टांगलेली दिसली की आठवण राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचं सामान पोरांनी वरून आणावं. वेळ सकाळी सात ते नऊ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तेलाची पाकिटं पार्किंगमध्ये दुपारपर्यंत ठेवू नका.

तेल सीलबंदच घ्या, पुड्यांवरची तारीख वाचा. शिजवलेलं अन्न या मोहिमेत घेऊ नका. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ सालचे वेगळे नियम आहेत, आणि लग्नातलं जेवण वेळेत पोहोचवणं हे स्वतंत्र, मोठं काम आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणी किती दिलं याची यादी ग्रुपवर टाकू नका, घेणाऱ्यांचे फोटो तर मुळीच नकोत. आपल्याच स्कीममध्ये धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या घरी हा शिधा जाणार असेल. उद्या सकाळी त्यांना याच जिन्याने वर यायचं असतं.

वजनकाटा किराणा दुकानदाराकडून तासाभरासाठी मिळतो. डाळ, तांदूळ, गहू वेगळ्या कट्ट्यांत भरा, तोंड शिवा, वर वजन आणि तारीख लिहा. शंभर-दीडशे किलो झालं की छोटा हत्ती टेम्पो बोलवा. भाडं चार-पाच जणांनी वाटून घ्या, धान्याच्या नावावर पैसे मागू नका. गोदामात वजनाची पावती घ्या, तिचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका. आणि निघताना पुढच्या महिन्यात काय लागेल ते विचारून या.