इन्सुलिन घेणाऱ्याने अलास्कात मूसच्या शिकारीला जाताना

रीतसर परवाना काढून शिकारीला जाणारी मराठी माणसे अमेरिकेत आणि कॅनडात थोडी असली तरी आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना माझ्यासारखा टाइप १ मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अलास्कात मात्र राज्याचे खाते हंगाम आणि नियम ठरवून देते, आणि मूस या सर्वांत मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी लोक सप्टेंबरमध्ये लहान विमानाने एखाद्या तळ्यावर उतरून आठ-दहा दिवस तंबूत राहतात. जवळचा रस्ता शेकडो किलोमीटरवर असू शकतो. अशा ठिकाणी मधुमेह घेऊन जाता येते, परंतु तयारीची सुरुवात तीन-चार महिने आधी व्हायला हवी.

पहिली भेट डॉक्टरांची. त्यांना केवळ ‘कॅम्पिंगला जातो आहे’ असे सांगून भागत नाही, तर रोज किती तास चालणार, पाठीवर किती ओझे असणार आणि मदत किती उशिरा पोहोचू शकते, हे स्पष्ट सांगावे. गेल्या काही महिन्यांत साखर उतरून शुद्ध हरपली असेल, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारी आम्ले) वाढून रुग्णालयात राहावे लागले असेल, किंवा साखर उतरल्याचे आपल्याला आतून कळेनासे झाले असेल, तर त्या वर्षी जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर जड ओझे उचलण्याबद्दल नेत्रतज्ज्ञांना वेगळे विचारावे. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर ओल्या बुटांत झालेली जखम दोन दिवस लक्षातच येत नाही, म्हणून रोज रात्री टॉर्चच्या उजेडात तळपाय पाहण्याची सवय घरापासूनच लावून घ्यावी.

औषधांचा हिशेब सहलीच्या दिवसांवर न करता विमान येईपर्यंतच्या दिवसांवर करावा. दहाव्या दिवशी ठरलेले विमान धुके किंवा वारा असेल तर बाराव्या किंवा चौदाव्या दिवशी येते, आणि त्यात वैमानिकाचा काहीच दोष नसतो. म्हणून इन्सुलिन, सुया, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि अंगावर लावायचे सेन्सर दुप्पट घ्यावेत आणि त्यांचे दोन सारखे भाग करून एक भाग साथीदाराच्या पाठपिशवीत ठेवावा. इन्सुलिनचा पंप वापरणाऱ्यांनीही दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचे पेन आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घेऊन जावे, कारण पंप बंद पडला की शरीरात इन्सुलिनचा साठा उरत नाही आणि काही तासांतच कीटोन वाढू लागतात. विमानप्रवासात हे सगळे हातातल्या सामानातच असावे.

उन्हाळ्यात आपण इन्सुलिन उष्णतेपासून जपतो. अलास्कात ते गोठण्यापासून जपावे लागते. वापरात असलेले बहुतेक प्रकार साधारण २८ दिवस ३० अंशांखाली चांगले राहतात, पण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच समजायचे असते. माझ्या दुसऱ्या शिकारीत रात्रीचे पेन पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात राहिले. सकाळी कापडावर दवाचा पांढरा, कडक थर जमला होता, पेन हातात बर्फासारखे गार लागत होते, आणि तरीही उजेडात धरून पाहिले तर आतले औषध नेहमीसारखे स्वच्छ दिसत होते. मी ते टोचले, आणि दुपारपर्यंत साखर ३०० च्या (दर डेसिलिटरला मिलिग्रॅम) वर गेली. तेव्हापासून दिवसा पेन आतल्या शर्टाच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी असते. पंपाची नळीही कपड्यांच्या आतूनच न्यावी.

साखर मोजण्याच्या मीटरलाही थंडी सोसत नाही, तो बिघाडाची सूचना दाखवून थांबतो. मोजण्याआधी काही मिनिटे तो काखेत धरावा आणि बोटेही चोळून गरम करावीत. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजत असल्याने रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून चढण चढताना त्याचा आकडा आणि अंगाची जाणीव जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करावी.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर खाऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे आपल्याला पाठ असते. पण खायचे काय, यात आपली मराठी माणसे चुकतात. शेंगदाण्याची चिक्की आणि लाडू बरोबर जरूर न्यावेत, मात्र त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. तातडीच्या वेळी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा जेलच हवे, आणि चिक्की त्यानंतर खावी. येथे अस्वलांचा प्रश्नही येतो. अस्वलांच्या मुलखात तंबूत खाण्याचे काही ठेवू नये, असा नियम आहे, पण मधुमेह्याला रात्री साखर हाताशी लागतेच. मी घट्ट झाकणाच्या लहान नळीतल्या ग्लुकोजच्या गोळ्या वास बाहेर न जाऊ देणाऱ्या पिशवीत घालून उशाशी ठेवतो, तंबूभोवती हलके विद्युत कुंपण लावतो, आणि बाकीचे सगळे खाणे अस्वलाला न फोडता येणाऱ्या डब्यात तंबूपासून लांब ठेवतो.

रायफलीबाबत मी एकच नियम पाळतो. आकडा पाहिल्याशिवाय काडतूस भरायचे नाही. साखर उतरली की हात थरथरतो, घाम फुटतो आणि विचार गढूळ होतो. समोर मूस उभा असतानाही नेमके हेच होते, त्यामुळे छातीतली धडधड उत्साहाची की साखरेची, हे त्या क्षणी ओळखता येत नाही. आकडा कमी असेल तर रायफल रिकामी करून साथीदाराकडे द्यावी. मूस निघून गेला तर जाऊ द्यावा.

खरी कसोटी गोळी लागल्यानंतर सुरू होते. मोठ्या नराचे मांस सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, मागचा एक पाय ५० किलोच्या घरात जातो, आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे अलास्कात गुन्हा आहे. गवताच्या डुगडुगत्या ढेकळांवरून तळ्यापर्यंत सात-आठ खेपा होतात. त्या भरात माणूस मोजायचे विसरतो. म्हणून प्रत्येक खेपेच्या दोन्ही टोकांना मोजावे, ओझी लहान करावीत आणि इन्सुलिन किती कमी करायचे तो आकडा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावरूनच घ्यावा. एवढ्या श्रमांनंतर स्नायू पुढचे २४ तासही रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे सर्वांत धोक्याची असते ती त्यानंतरची रात्र. त्या रात्री पोटभर जेवावे, दारू घेऊ नये, आणि मध्यरात्री व पहाटे असे दोन गजर साथीदाराच्याही घड्याळात लावावेत.

साखर फार उतरल्यावर निर्णय घेणारा माणूस आपण नसतो, म्हणून साथीदाराची निवड रायफलीच्या निवडीपेक्षा महत्त्वाची आहे. अलास्काच्या नियमाप्रमाणे लहान विमानाने उतरलेल्या दिवशी मूसची शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच मुभा असते. ती मोकळी दुपार साथीदाराला शिकवण्यात घालवावी. ग्लुकागॉन (साखर फार उतरल्यावर द्यायचे तातडीचे औषध) कोठे आहे, ते कसे द्यायचे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवायचे आणि त्याच्या तोंडात काही का घालायचे नाही, हे त्याच्याकडून करवून घ्यावे. ग्लुकागॉन यकृतातला साखरेचा साठा बाहेर काढते, आणि दिवसभर ओझी वाहिल्यावर तो साठाच तुटपुंजा असतो. त्यामुळे शुद्ध येताच गोड पाजायला विसरू नये, हेही त्याला माहीत हवे. अलास्काचा रहिवासी नसलेल्या आणि अमेरिकेचा नागरिकही नसलेल्या शिकाऱ्याला प्रत्येक मोठ्या प्राण्यासाठी परवानाधारक गाईड सक्तीचा आहे. त्याला पैसे भरण्यापूर्वीच आपला आजार सांगावा, आणि तो ऐकून जो केवळ मान डोलावतो, त्याच्याऐवजी जो प्रश्न विचारतो त्याला निवडावे.

संपर्कासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे स्वतंत्र यंत्र हवे. आयफोनची उपग्रह सेवा ६२ अंश उत्तर अक्षांशाच्या वर चालेलच असे नाही, आणि अलास्काचा बराचसा शिकारीचा मुलूख त्याच्या वरच आहे. यंत्राचे तातडीचे बटण कोणत्या वेळी दाबायचे, ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे. माझ्या कागदावर असे आहे: साखर २५० च्या वर आणि रक्तातले कीटोन १.५ मिलिमोलच्या वर असतील तर नवे पेन उघडून डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा घ्यायची, पाणी पीत राहायचे आणि दोन तासांनी पुन्हा मोजायचे. कीटोन वाढतच असतील, ३ च्या वर गेले असतील किंवा उलट्या सुरू झाल्या असतील, तर उजाडण्याची वाट न पाहता बटण दाबायचे. हवा खराब असेल तर विमान लगेच निघणार नाही, म्हणूनच संदेश जितका लवकर जाईल तितका चांगला. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्याची एक प्रत साथीदाराच्या खिशात आणि एक वैमानिकाकडे द्यावी.