मिझुरी व्हॅलीचा पूर्वअंदाज कसा बांधावा

मराठवाड्यातला शेतकरी रब्बी ज्वारीचा अंदाज मागच्या वर्षी किती पोती झाली यावरून बांधत नाही. पेरणीच्या वेळी जमिनीत ओल किती उरली आहे हे तो आधी पाहतो. त्याच ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे पूर्वअंदाज जाहीर होतात, आणि तिथेही हीच दृष्टी कामाला येते. मागच्या हंगामाचा गुणतक्ता समोर ठेवून त्यात थोडे खालीवर करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. संघात मागचे काय उरले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

हे मार्गदर्शन मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स या मधल्या फळीतील लीगपुरते आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या या लीगमधूनच लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट संघ १९७९ साली राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि २०१८ साली लोयोला शिकागोने अंतिम चौघांत स्थान मिळवले. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला सुरू होतो. त्यामुळे लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विद्यार्थ्याला कॉलेजला जाण्यापूर्वी निम्मा सामना पाहता येतो. श्रीमंत लीगांच्या मानाने या संघांवर लिहिले फार कमी जाते, म्हणून स्वतः बांधलेल्या अंदाजाला इथे खरी किंमत आहे.

सुरुवात मिनिटांपासून करावी. एका सामन्यात पाच खेळाडू प्रत्येकी ४० मिनिटे, म्हणजे संघाची एकूण २०० मिनिटे होतात; जादा वेळ सोडला तर ३३ सामन्यांच्या हंगामात ६,६०० मिनिटे. संघात राहिलेल्या खेळाडूंनी मागच्या हंगामात मिळून २,९७० मिनिटे खेळली असतील, तर ४५ टक्के अनुभव शिल्लक आहे असे समजावे. हे काम प्रत्येक संघाच्या जुन्या आणि नव्या खेळाडूंच्या याद्या शेजारी ठेवून हातानेच करावे, कारण नावे लिहिता लिहिताच कोणत्या संघाचा चेंडू पुढे नेणारा गार्ड गेला आणि कोणाचा उंच सेंटर टिकला हे लक्षात राहते. गेलेली मिनिटे बाकावरच्या चौघांत विखुरलेली असतील तर चिंता कमी. ती एकाच गार्डची असतील तर टक्केवारी चांगली दिसूनही संघ अडचणीत येतो.

खेळाडूंची ये-जा इतकी का वाढली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २०१८ साली ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले, २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलूनही लगेच खेळता येऊ लागले आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, ती एकदाची मर्यादाही गेली. शिवाय २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. मधल्या फळीतील संघाचा चांगला खेळाडू त्यामुळे मोठ्या लीगकडे सहज ओढला जातो.

केवळ मिनिटे मोजून काय निसटते, हे ड्रेक विद्यापीठाच्या उदाहरणावरून नीट कळते. २०२४ च्या वसंतात ड्रेकचे प्रशिक्षक डॅरियन डीव्रीज वेस्ट व्हर्जिनियाला गेले आणि लीगचा सलग दोन वर्षे सर्वोत्तम ठरलेला त्यांचा मुलगा टकर हाही त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या जागी आलेले बेन मॅककॉलम यांनी नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला दुसऱ्या विभागातील, म्हणजे एक पायरी खालच्या स्तरावरील, चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती आणि तिथले चार खेळाडू त्यांनी सोबत आणले. ड्रेकच्या स्वतःच्या जुन्या मिनिटांपैकी जवळजवळ काहीच उरले नव्हते, म्हणून हंगामापूर्वीच्या मतदानात त्यांना अव्वल मानले गेले नाही. प्रत्यक्षात त्यांनी ३१ विजय मिळवले, लीगही जिंकली आणि लीगची अंतिम स्पर्धाही जिंकली. बेनेट स्टर्ट्झ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मिझुरी विद्यापीठाला हरवले. हे चौघे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच संथ पद्धतीने एकत्र खेळून आले होते, म्हणजे त्यांची एकमेकांशी असलेली सवय नव्या मैदानावर जशीच्या तशी उतरली होती. म्हणून यादीत तिसरा रकाना अवश्य ठेवावा: बाहेरून आलेल्यांपैकी कोण या प्रशिक्षकाकडे किंवा परस्परांसोबत आधी खेळले आहे. माझ्या मते या लीगमध्ये नव्या प्रशिक्षकाचा पूर्वेतिहास हा एखाद्या गाजलेल्या खेळाडूपेक्षा अधिक वजनाचा पुरावा आहे.

पुढचा प्रश्न गुणवत्तेचा. सरासरी गुण पाहू नयेत, कारण वेगाने खेळणारा संघ जास्त गुण करतो आणि जास्त देतोही. प्रत्येक पझेशनमागे, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतच्या प्रत्येक संधीमागे किती गुण झाले हे काढावे. एखाद्या सामन्यात ५८ फटके (बास्केटच्या दिशेने केलेले नेम), त्यांपैकी २६ यशस्वी व त्यांत ८ तीन गुणांचे, ९ आक्रमक रिबाउंड (स्वतःचा हुकलेला चेंडू पुन्हा हाती येणे), ११ टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणे) आणि १८ पैकी १२ फ्री थ्रो (फाउलनंतरचे एकेका गुणाचे मोकळे नेम) यशस्वी, असे आकडे धरू. फटक्यांतून रिबाउंड वजा करावेत, टर्नओव्हर मिळवावेत आणि फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून तेही मिळवावेत: सुमारे ६८.५ पझेशन. गुण ७२ झाले, म्हणजे शंभर पझेशनमागे १०५. नेमबाजी, टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो या चार घटकांत नेमबाजीचे वजन सर्वांत जास्त असते, पण एका हंगामातील तीन गुणांच्या नेमबाजीची टक्केवारी पुढच्या वर्षी टिकेलच असे धरू नये.

आता प्रत्येक संघाला लीगच्या सरासरीपेक्षा किती गुण वर किंवा खाली, असा एक आकडा द्यावा. घरच्या मैदानाचा फायदा सुमारे ३ गुणांचा धरावा. ‘अ’ संघ अधिक ४ आणि ‘ब’ संघ अधिक १ असेल, तर ‘ब’च्या घरी सामना बरोबरीचा ठरतो, आणि ‘अ’च्या घरी ‘अ’ ६ गुणांनी वरचढ, म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण ७० टक्के. अशी सगळ्या सामन्यांची बेरीज केली की विजयांची अपेक्षित संख्या मिळते. मिझुरी स्टेट २०२५ मध्ये बाहेर पडल्यावर लीगमध्ये ११ संघ उरले, म्हणून प्रत्येकाशी घरी व बाहेर एकेक खेळले की २० सामने होतात. पूर्वीच्या १२ संघांच्या रचनेत मात्र कोणाशी एकदाच सामना आहे हेही तपासावे लागे.

लीग कोण जिंकेल आणि सेंट लुइस येथील मार्चमधील अंतिम स्पर्धा कोण जिंकेल, हे दोन अंदाज स्वतंत्र लिहावेत. राष्ट्रीय स्पर्धेचे हमखास तिकीट त्या चार दिवसांच्या स्पर्धेच्या विजेत्यालाच मिळते. २०२४ मध्ये इंडियाना स्टेट लीगमध्ये पहिले आले, अंतिम सामन्यात ड्रेककडून ८४-८० असे हरले आणि त्यांना राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण मिळाले नाही. त्यांच्या खेळाडूंसाठी ही गोष्ट फार क्लेशदायक होती, असे मला आजही वाटते. म्हणून सर्वोत्तम संघालाही त्या स्पर्धेत शंभरापैकी तीस-पस्तीसहून अधिक शक्यता देताना दहा वेळा विचार करावा.

हीच रीत आपल्या विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनाही लावता येते, फक्त तिथे मिनिटांचे छापील आकडे सहज मिळत नाहीत. कोण तृतीय वर्ष उत्तीर्ण होऊन बाहेर पडला, कोणी पदव्युत्तर प्रवेश दुसऱ्या महाविद्यालयात घेतला आणि क्रीडा संचालक बदलले का, एवढे विचारून घेतले तरी अर्धे काम होते. उरलेले अर्धे सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला वही घेऊन बसण्याचे आहे.

सर्व अंदाज नोव्हेंबरातील पहिल्या सामन्यापूर्वी तारखेसह लिहून ठेवावेत आणि नंतर मूळ पानावर खाडाखोड करू नये. सुधारित अंदाज वेगळ्या पानावर लिहावा. हंगामानंतर तपासणी अशी करावी: ७० टक्के म्हटलेला संघ जिंकला तर चूक ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९, हरला तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९. प्रत्येक सामन्याला नुसते ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, आणि आपली सरासरी तिच्याखाली आली तरच पुढच्या वर्षी तीच पद्धत चालू ठेवावी.